नंदूला मोठं करणारा माणूस

सुहासदादा पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले ते हातात रिकामी वाटी घेऊन. सहा फूट उंची, पैलवानी खांदे, डोक्यावर बेसबॉलची टोपी. मला वाटलं, कुणीतरी अमेरिकन साहेब पत्ता चुकलाय. मी आपली तोंड भरून "येस, प्लीज?" म्हणाले. तर हे महाशय म्हणतात, "अगं बाई, तुम्ही मराठीच ना? दारावरचं नाव वाचलं. मेलं जिरं संपलं हो ऐन फोडणीत!"

मी दाराला धरून हसत सुटले. वाटीभर जिरं दिलं, आणि फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या गल्लीत मला शेजार मिळाला. तो पुढे दहा-अकरा वर्षं पुरला. आता त्या घरात एक तरुण डच जोडपं राहतं. स्वभावानं चांगली आहेत दोघं, पण त्यांचं कधी काही संपत नाही.

दादांची मराठी अशी का, ते पुढे कळलं. पाच वर्षांचे असताना ते अमरावतीहून न्यू जर्सीला गेले. वडील दोन-दोन नोकऱ्या करायचे, घरी फक्त झोपायला यायचे. घरात आई आणि दोन मावश्या. मराठी कानावर पडली ती या तिघींची, स्वयंपाकघरातली. त्यामुळे हा एवढा धिप्पाड माणूस सायकलची चेन निसटली की "बाई बाई बाई, काय हा छळ!" म्हणायचा. इथल्या मराठी मंडळातली पोरं पाठीमागे नक्कल करायची. दादांना ते माहीत होतं. "करू देत गं, तेवढंच माझ्या मावशीचं नाव निघतं," म्हणायचे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचे. त्यांच्या बायकोचं नाव ज्योत्स्ना. ज्योत्स्नाताई इथल्या मोठ्या कंपनीत इंजिनियर होत्या, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायच्या. त्यांच्याच नोकरीपायी दोघं अमेरिका सोडून इकडे आलेले. मूलबाळ दिसलं नाही. मला नाक खुपसायची सवय आहे, नाही कशाला म्हणू, पण तेवढं मात्र मी विचारलं नाही.

पहिल्याच गणपतीत गंमत झाली. आइंडहोवनच्या हॉलमध्ये आरती आटपली, प्रसादाची रांग लागली, आणि माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे महेशच्या, ऑफिसातल्या कुलकर्ण्यांनी दादांना गाठलं.

"आपण कुठं असता?"

"घरी असतो."

"नाही म्हणजे, काम काय?"

"पूल कोसळतात हो. ते धरायला एक माणूस पाठवतो."

कुलकर्णींना वाटलं, हे सिव्हिलवाले. "वा, ब्रिजेस! स्कोप आहे इकडे, पाण्याचाच देश," म्हणाले आणि मोदक घेऊन पुढे गेले. दादांनी त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मला वाटतं, अजूनही कुलकर्णी तेच समजून आहेत.

खरं म्हणजे दादा अमेरिकेतल्या एका प्रकाशनासाठी दर महिन्याला सुपरहिरोचं कॉमिक लिहायचे. चित्रं काढायचे नाहीत. कुठल्या चौकटीत कोण उभं आहे, काय बोलतंय, खिडकीबाहेर ऊन आहे का पाऊस, एवढं सगळं लिहून पाठवायचे. "चित्रकार बिचारा कॅनडात बसून काढतो, मी नुसता त्याला छळतो," म्हणायचे. त्यांच्या हिरोचं नाव ब्रिजमन. मी त्याला पुलवाला म्हणायचे, आणि पुढे पुढे तेही म्हणायला लागले. पुलवाल्याकडे ताकद एकच. पडणारी वस्तू तो धरतो. पूल धरतो, क्रेन धरतो, एकदा तर आख्खी आगगाडी धरली. उडता येत नाही, डोळ्यांतून आग निघत नाही. शत्रूही बेताचेच.

"तिसऱ्या रांगेतला हिरो आहे माझा," दादा सांगायचे. कॉलेज संपल्यावर ते त्या कंपनीत चुका तपासायला लागले होते. मग कधीतरी ब्रिजमन बंद पडायला आला, तेव्हा तो यांच्या गळ्यात मारला. "मरायला टेकलेलं कॉमिक नव्या पोराला देतात गं. म्हणजे मेलं तर पोराच्या नावावर." पण यांनी ते मरू दिलं नाही. वीसेक वर्षं चालवलं. बक्षीसबिक्षीस फारसं मिळालं नाही, सिनेमा निघाला नाही. पण दर महिन्याला अंक निघाला, एकदाही चुकला नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

लिहायची तऱ्हा तर विचारूच नका. आधी सगळी बोलणी मराठीत म्हणायचे आणि मग इंग्रजीत लिहायचे. इंग्रजी त्यांचं फर्डं होतं, पण माणूस रागावला की खरा कसा बोलतो, हे त्यांना मावशीच्या भाषेतच ऐकू यायचं. मागच्या अंगणात उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडायचे, "अरे मेल्या, पोरं आहेत त्या बसमध्ये, सोडतोस काय दोर!" पलीकडच्या डच आजी एकदा कुंपणावरून वाकून विचारत्या झाल्या, बाबा, बरं वाटत नाही का, डॉक्टरांना फोन लावू का? दादांनी हात वर ठेवूनच सांगितलं, नको, पूल आहे. आजींनी मान डोलावली आणि आत गेल्या. या लोकांचं हे एक बरं असतं, सांगितलं की पटतं त्यांना.

आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. तिची आणि दादांची भलतीच गट्टी जमली. तिला ते वाट्टेल ते विचारायचे. तुझ्या वर्गात भांडण झालं की कोण आधी बोलतं? सध्या कुठला रंग आवडेनासा झाला? आईची कुठली गोष्ट ऐकताना डोळे फिरवतेस? आणि सगळ्यात जास्त, पुढच्या वर्षी तू काय करणार आहेस? सुरुवातीला माझ्या मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला सांगू. पोटची पोर आहे, आणि परका माणूस तिला असं बारीक विचारतोय. मी महेशला म्हटलं, लक्ष ठेव जरा.

मग जानेवारी आला. तो इकडचा जानेवारी, दिवसभर तिन्हीसांजेसारखा. एका दुपारी दादा चेरीची व्लाय घेऊन आले. इकडे ब्राबांत प्रांतात वाढदिवसाला केक नसला तरी चालतो, ही फळं भरून भाजलेली चपटी व्लाय हवीच. मी बशा काढल्या. इरानं विचारलं, कुणाचा वाढदिवस? दादा तंद्रीत होते, अंक नुकताच संपवून आले होते. बोलून गेले, "माझ्या मुलीचा. नऊ पूर्ण झाली."

आता इथली एक रीत आहे. वाढदिवस असला की ज्याचा आहे त्याचंच नव्हे, त्याच्या आईबापाचं, भावंडांचं, आल्यागेल्या सगळ्यांचं अभिनंदन करतात. इरा बालवाडीपासून याच रीतीत वाढलेली. ती खुर्चीवरून उठली, दादांसमोर गेली, हात पुढे केला आणि डचमध्ये म्हणाली, तुमच्या मुलीच्या वाढदिवसाबद्दल तुमचं अभिनंदन. मग रीतीप्रमाणे माझ्याकडे वळली, माझंही अभिनंदन केलं. आणि परत दादांना म्हणाली, मग तिला आणलं का नाही?

दादांनी तिचा हात सोडलाच नव्हता. तो पकडून तसेच बसले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पोर घाबरली. मी तिला खेळायला वर पाठवलं.

नंदू त्यांची एकुलती एक. नंदिनी. न्यू जर्सीला सात वर्षांची असताना तापानं आजारी पडली, दवाखान्यात नेली, आणि आठवड्याच्या आत गेली. एवढंच सांगितलं त्यांनी, आणि मी एवढंच सांगणार. त्यानंतर महिन्याभरात अंक द्यायचा होता. दादा लिहायला बसले, तर हात चालेना. म्हणून त्यांनी पुलवाल्याच्या न्यूयॉर्कमधल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, एक सात वर्षांची मुलगी राहायला आणली. जिन्यावर बसणारी, जाता-येता पुलवाल्याला आगाऊपणे प्रश्न विचारणारी. तिचं नाव नॅन. कुणाला काही बोलले नाहीत. आणि पुढच्या वर्षी, नंदूच्या वाढदिवसाच्या महिन्यात, नॅनला आठवं लावलं.

हे करायची त्या धंद्यात चाल नाही. सुपरहिरो कधी म्हातारा होत नाही. पुलवाला बत्तीसचा होता, बत्तीसचाच राहणार, त्याचे शत्रूही तसेच. सगळे जिथल्या तिथे, आणि वरच्या मजल्यावरची पोर मात्र दर ऑगस्टला एक वर्षानं मोठी. संपादकबाई डोक्याला हात लावायच्या. हे कसं शक्य आहे, म्हणायच्या. "तो आगगाडी धरतो ते शक्य आहे का?" असं दादांनी विचारलं की अंक छापायला पाठवायच्या. ऑगस्टचा अंक जानेवारीत लिहावा लागे. म्हणून नंदूचा वाढदिवस त्यांच्याकडे जानेवारीत यायचा.

मग मला उलगडलं, हा माणूस इराला का विचारत होता ते. नंदू आणि इरा एकाच वयाच्या. आठ वर्षांची मुलगी, नऊ वर्षांची मुलगी, दहा वर्षांची मुलगी कशी असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं हो! सातपर्यंतचं ठाऊक होतं, आठवं अंदाजानं लिहिलं. पुढचं सगळं ते माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकले. इराच्या दातांना तारा लागल्या, वर्षाच्या आत नॅनच्या लागल्या. इरा पावसात सायकलवरून शाळेला जाताना पडली आणि कुणी बघितलं नाही ना म्हणून तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. ते तसंच्या तसं नॅनचं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर झालं. माझी पोर माझ्यावर दार आपटायला लागली तेव्हा मी रडकुंडीला यायचे, आणि दादा म्हणायचे, "कसं आपटलं? हातानं का पायानं? सांग ना गं, मला पाहिजे ते." त्यांचा हेवा वाटलेला चेहरा मला अजून दिसतो. आपल्यावर दार आपटलं जावं म्हणून आसुसलेला बाप मी तेवढा एकच पाहिला.

ज्योत्स्नाताईंना यातलं काही चालत नव्हतं. कॉमिकला त्या हात लावत नसत. त्या कमी बोलणाऱ्या, नीटनेटक्या बाई. इरा आली की हसायच्या, पण कामाचं निमित्त काढून वर जायच्या. एकदा मीच धीर करून विषय काढला. भांडी विसळत होत्या, वळल्या नाहीत. म्हणाल्या, "सुहासची मुलगी सुहासला लखलाभ. माझी सातची आहे. ती मला पाठ आहे. तिच्यात एक दिवस जरी वाढवला ना, तर मला ती ओळखू येणार नाही." आणि नळ मोठा सोडला. दोघांचं एकच लेकरू गेलेलं, आणि एकाच घरात ते दोन वयांचं होऊन राहिलेलं.

या दोघांचं भांडण मी एकदाच पाहिलं, त्यालाही भांडण म्हणावं का कळत नाही. इरा बारावीसारखी इथली शेवटची परीक्षा पास झाली त्या जूनमध्ये. इकडे मूल पास झालं की घराच्या दर्शनी भागावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्याचं शाळेचं दप्तर टांगतात. सुटलो बाबा या दप्तरातून, असं आख्ख्या गल्लीला सांगायचं. आम्हीही लावला. महेशनं शिडी धरली, इरानं तिचं फाटकं दप्तर टांगलं, शेजारच्या आजी टाळ्या वाजवायला आल्या. दादांनी पन्नास फोटो काढले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेले तर दादांच्या घरावरही झेंडा. आणि काठीला एक दप्तर. एवढंसं, दुसरीतल्या मुलाचं, पाठीवर ससा शिवलेला. दादा खाली उभे राहून वर बघत होते. चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला बघवेना. मी डबा तिथेच सोडला.

तेवढ्यात दार उघडून ज्योत्स्नाताई आल्या, ऑफिसच्या कपड्यांत. त्यांनी वर पाहिलं. आत जाऊन शिडी आणली, स्वतः चढल्या, दप्तर सोडवलं. उतरल्यावर त्याची धूळ झटकली आणि दादांना हळूच म्हणाल्या, "अजून लागतं तिला हे. दुसरीत आहे ती." दप्तर छातीशी धरून आत गेल्या. दादा झेंड्याची काठी नीट करत राहिले. मी घरात येऊन ढसाढसा रडले.

त्या वर्षी नॅनचं दप्तर न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या झेंड्यावर लटकलं. अमेरिकेतल्या वाचकांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी पत्रांतून विचारलं, ही काही खूण आहे का, शत्रूचा निरोप आहे का? दादांनी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर वर्षभरात ब्रिजमन त्यांच्याकडून गेला. खप उतरला होता, जुन्या संपादकबाई निवृत्त झाल्या होत्या, नव्या लोकांना नवा लेखक हवा होता. हे त्या धंद्यात चालतंच. हिरो कंपनीचा, लेखक भाडेकरू. जागा सोडा म्हटलं की सोडायची, आणि आत ठेवलेलं सगळं तिथेच राहतं, माणसांसकट. म्हणजे नॅनही कंपनीची.

मी म्हटलं, "दादा, त्यांना नंदूचं सांगा. नुसतं सांगा. दगड असतील तरी पाझर फुटेल."

"म्हणूनच नको ना," ते म्हणाले. "सांगितलं तर ते तिला माझ्यासाठी म्हणून जपून ठेवतील. कुणी तिला पडू देणार नाही, कुणाच्या प्रेमात पडू देणार नाही, चुकू देणार नाही. देव्हाऱ्यात बसवतील. मी तिला मेलं देव्हाऱ्यातून काढण्यासाठी तर एवढं केलं."

"आणि त्यांनी काही भलतंच केलं तर?"

"एकोणीस वर्षांची आहे ती आता. बाहेर राहायला गेली असं समजायचं. सगळ्यांची जातात की नाही? तुझी नाही गेली?"

आमची इरा तेव्हा वाखनिंगनला शिकायला गेली होती, झाडांच्या रोगांवर काहीतरी. दर रविवारी यायची. एकदा मात्र मंगळवारीच दारात उभी. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, हिलाच काही झालंय. सायकल दारात टाकून म्हणाली, "मम्मा, दे किल्ड नॅन."

नव्या लेखकाचा पहिला अंक त्या दिवशी निघाला होता. क्रेन कोसळते, पुलवाला क्रेन धरतो, पण नॅन खाली सापडते. एक पान. तिचा चेहरासुद्धा दिसत नाही, सायकलचं चाक दिसतं फक्त. पुढच्या पानावर पुलवाला मुठी आवळून सूड घ्यायला निघतो. हिरोला राग यायला हवा होता, त्यासाठी कुणीतरी मरायला हवं होतं. वरच्या मजल्यावरची मुलगी हाताशी होती.

अंकाची प्रत दादांना पोस्टानं यायच्या आधी सांगायला हवं होतं. आम्ही दोघी गेलो. दादा टेबलाशी बसून मेथी निवडत होते. इरानं उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी हात पुसले, तिचा फोन घेतला, दोन बोटांनी ते पान मोठं करून बराच वेळ पाहिलं.

"चित्र छान काढलंय," म्हणाले. मग इराला म्हणाले, "ती काही बोलली नाही का गं?"

इरानं मान हलवली.

त्यांनी फोन परत दिला आणि मेथी निवडायला लागले. पानं काड्यांत जात होती, काड्या पानांत. "कुणाला सांगू मी आता?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ज्योत्स्ना म्हणेल, बारा वर्षांपूर्वी गेली ती. खरंच आहे तिचं. तेव्हा मी रडलो नव्हतो गं. अंक द्यायचा होता, त्यात तिला घातली, आणि मला वाटलं, झालं, वाचली." आणि मग तो एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडला, लहान मुलाच्या आवाजात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

इरा मात्र भडकली होती. त्या लेखकाला लिहिते म्हणाली, जगासमोर सगळं मांडते म्हणाली. दादांनी डोळे पुसून तिला समोर बसवलं.

"तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा होतो तेव्हा मीपण एक मारला," म्हणाले. "पुलाचा म्हातारा पहारेकरी. माझ्या पहिल्याच अंकात. माझ्या आधी जे लिहायचे त्यांचा होता तो. मला हिरोला राग आणायचा होता. पुढे कॉमिकवाल्यांच्या एका संमेलनात ते गृहस्थ भेटले. थकले होते. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, तो पहारेकरी रात्री डब्यात काय आणायचा ते तुम्हाला ठाऊक होतं का? मी म्हटलं, नाही. बरं म्हणाले आणि गेले. तो म्हातारा कोण होता त्यांचा, मी कधी विचारलं नाही. त्या पोरानं तरी कुणाला विचारावं?"

इरानं लिहिलं नाही. मी असते तर लिहिलं असतं, चांगलं खरमरीत. पण तो दादांचा निर्णय होता.

त्यानंतर दादा लिहायचे थांबले. म्हणजे किरकोळ काहीतरी करायचे, दुसऱ्यांच्या गोष्टी दुरुस्त करून द्यायचे. अंगणात येईनासे झाले. जानेवारी आला आणि गेला, व्लाय आली नाही. मी एकदा मुद्दाम जिरं मागायला गेले. त्यांनी आख्खी बरणी हातात दिली आणि दार लावून घेतलं. कपाळावर हात मारून घ्यावा असं झालं मला.

मग ज्योत्स्नाताईंची बदली झाली, परत अमेरिकेला, ओरेगनला. ऑक्टोबरात जायचं ठरलं. जायच्या दिवशी इराही आली होती. सामान आदल्या दिवशीच गेलं होतं. रिकाम्या घरात चार बॅगा आणि आम्ही. मी दशम्या आणि चटणी बांधून नेली होती, विमानात खायला. ज्योत्स्नाताई वरच्या खोल्या एकदा बघून यायला गेल्या होत्या. तेवढ्यात पोस्टमननं जाड पाकीट टाकलं. कंपनी जुन्या लेखकांना अंक पाठवत राहते, तसा तो ब्रिजमनचा अंक होता. वर मोठ्या अक्षरात छापलेलं, अंक पहिला.

त्या धंद्यात ही एक रीत आहे म्हणे. दर काही वर्षांनी सगळं पुसून गोष्ट पहिल्यापासून मांडायची. मेलेले उठतात, लग्नं झालेली नसतात, ज्याचं जे मूळ वय ते त्याला परत मिळतं. दादांनी अंक चाळला आणि एका पानावर थांबले. इरा त्यांच्या खांद्यावरून बघत होती. "शी इज बॅक!" ती ओरडलीच.

जिन्याच्या पायरीवर नॅन बसली होती. सात वर्षांची. समोरचा एक दात पडलेला.

ज्योत्स्नाताई जिन्यातून उतरत होत्या. इतक्या वर्षांत ज्यांनी एक पान उघडलं नाही, त्यांनी येऊन दादांच्या हातून अंक घेतला. बॅगेवर बसल्या. त्या पोरीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मी मनात म्हटलं, चला, एकीला तरी तिची मिळाली.

"नंदूचा पण हाच दात पडला होता," त्या म्हणाल्या.

"हो," दादा म्हणाले.

ज्योत्स्नाताईंनी पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं, मग शेवटपर्यंत, घाईघाईनं. काहीतरी शोधत होत्या. मग मान वर केली.

"आणि मोठी कुठंय?"

"कोण मोठी?"

"आपली मोठी, सुहास. ती कुठं गेली?"

दादांनी अंकाकडे बोट दाखवलं. "ती नाही आता. मारलीसुद्धा नाही. त्यांनी सगळं पुसलं ना, त्यामुळे ती कधी झालीच नाही."

"झालीच नाही म्हणजे काय?" ज्योत्स्नाताईंचा आवाज चिरकला. त्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "असं कसं झालीच नाही? तू रोज तिच्याबरोबर जेवायचास. मला काय दिसत नव्हतं? मला सांग. मी एक अक्षर वाचलेलं नाही. पहिल्यापासून सांग, आठवं लागलं तिथून."

दादा तिथेच जमिनीवर बसले, ज्योत्स्नाताईंच्या पायांशी. "आठव्या वर्षी," ते म्हणाले, "आठव्या वर्षी ती आधी पोहायला शिकली. पाण्याला घाबरायची, तुला माहितीये. पण शिकली." ज्योत्स्नाताईंनी अंक मिटून बाजूला ठेवला आणि ऐकायला लागल्या. इरा भिंतीला टेकून उभी होती. मी तिला खूण केली आणि आम्ही दोघी बाहेर आलो.

दारात टॅक्सी येऊन उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून घड्याळ बघत होता. मी त्याला माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, बाबा, थोडं थांबावं लागेल. किती वेळ, त्यानं विचारलं. मी खिडकीतून आत पाहिलं. दादा अजून बोलत होते. आत नंदू आत्ता कुठे दहाची झाली असेल.